कोतोनूची काजू बी: बेनिनच्या निर्यातबंदीचा प्रकरण अभ्यास

१ एप्रिल २०२४ पासून बेनिनमधून कच्ची काजू बी बाहेर पाठवायला बंदी आली. पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या फ्रेंचभाषक देशात निर्यातीच्या पिकांत कापसाखालोखाल काजूचा नंबर लागतो. तिथली बी मुख्यतः भारत आणि व्हिएतनाम या दोन देशांकडे जात असे. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मे-जूनपर्यंत चालतो, म्हणजे बंदीची तारीख ऐन हंगामात पडली. ३१ मार्चपर्यंत कोतोनू बंदरात जहाजावर चढला तो माल सुटला. गोदामात, ट्रकवर किंवा झाडाखाली होता तो देशातच राहणार होता, मग त्याचा सौदा आधी झालेला असो वा नसो.

आपल्याकडच्या काजू कारखान्यांचा याच्याशी थेट संबंध आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड-आजरा पट्टा आणि गोवा इथली बी साधारण मार्च ते मे या काळात येते. ज्याच्याकडे भांडवल आणि गोदाम दोन्ही आहे तो वर्षभराची बी तेव्हाच भरून ठेवतो. बाकीच्यांना कारखाना बारा महिने चालवायचा, सोलणी करणाऱ्या बायकांना पावसाळ्यातही काम द्यायचं, तर आयात बी घ्यावी लागते. या बीचा मोठा हिस्सा पश्चिम आफ्रिकेतून येतो, आणि तिथला काजूपट्टा बहुतांशी फ्रेंचभाषक आहे: आयव्हरी कोस्ट, बेनिन, बुर्किना फासो, टोगो, माली, सेनेगल, गिनी.

लांबून पाहणाऱ्याला हा सगळा पट्टा एकच बाजार वाटतो, आणि तसं वाटायला सबळ कारणं आहेत. तरीही माझं म्हणणं असं की भाषा, चलन आणि व्यापारी कायदा सामाईक असला, तरी बी कुठे फोडायची हे इथली प्रत्येक राजधानी स्वतंत्रपणे ठरवते, आणि खरेदीदाराचा नफा-तोटा त्या निर्णयावर लटकलेला असतो. बेनिनचं प्रकरण त्यासाठीच सविस्तर पाहण्यासारखं आहे.

सामाईक काय आहे

बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, माली, नायजर, सेनेगल आणि टोगो हे आठ देश एकच चलन वापरतात: सीएफए फ्रँक, बोलण्यात नुसतं ‘सेफा’. त्यांची मध्यवर्ती बँक एक, तिचं मुख्यालय सेनेगलच्या दाकारमध्ये. एका युरोला ६५५.९५७ फ्रँक हा दर बांधलेला आहे. जानेवारी १९९४ मध्ये या चलनाचं मोल एका रात्रीत निम्मं केलं गेलं होतं. युरो आल्यापासून मात्र दर हललेला नाही.

ही स्थिरता मोठी सोय आहे, पण तिला एक फट आहे. शेतकऱ्याला पैसे मिळतात फ्रँकमध्ये, म्हणजे व्यवहारात युरोमध्ये. आपला सौदा होतो डॉलरमध्ये, आणि आपला गर विकला जातो बहुधा रुपयांत. सौदा ठरल्यानंतर आणि गावात खरेदी होण्याआधी युरो डॉलरच्या तुलनेत वधारला, तर तिथल्या निर्यातदाराचा नफा जागच्या जागी आटतो. तो माल लांबवू लागला, दर्जा घसरू लागला, तर कारण पुष्कळदा त्याच्या हेतूत नसून या दोन चलनांच्या मधल्या अंतरात असतं. डॉलर-रुपयाकडे डोळे लावून बसणारे आपले खरेदीदार डॉलर-युरोकडे क्वचित बघतात. पश्चिम आफ्रिकेतून बी घेणाऱ्याने ते रोज बघावं.

दुसरी सामाईक गोष्ट म्हणजे कायदा. मॉरिशसमधल्या पोर्ट लुईस इथे १७ ऑक्टोबर १९९३ रोजी झालेल्या कराराने ‘ओहाडा’ ही संस्था जन्मली. आज १७ आफ्रिकी देश तिचे सदस्य आहेत. कंपनी, तारण, दिवाळखोरी, लवाद, व्यापारी विक्री या विषयांवरचे तिचे कायदे सर्व सदस्य देशांत जसेच्या तसे लागू होतात आणि त्या विषयांपुरते देशी कायद्याच्या वर असतात. शेवटचा निवाडा देणारं तिचं न्यायालय आयव्हरी कोस्टच्या आबिजानमध्ये आहे. दूर देशात माल घेणाऱ्यासाठी ही विलक्षण सोय आहे: कोतोनूत शिकलेलं कायद्याचं ज्ञान टोगोच्या लोमेत आणि दाकारमध्येही चालतं. प्रत्येक व्यापाऱ्याची व्यापार नोंदवहीत नोंद असते आणि तिचा क्रमांक लेटरहेडवर छापलेला असतो. तो क्रमांक स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यायला फार खर्च येत नाही. अनोळखी निर्यातदाराला आगाऊ पैसे पाठवण्याआधी एवढं तरी करायलाच हवं.

या दोन वर्तुळांच्या कडा भाषेच्या कडांशी जुळत नाहीत, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. गिनी-बिसाऊ पोर्तुगीजभाषक आहे, तरी त्याचं चलन सेफा आणि कायदा ओहाडाचा. त्याची बी मुख्यतः भारतात येते. गिनी फ्रेंचभाषक आणि ओहाडाचा सदस्य, पण त्याचं चलन वेगळं.

गावातला व्यवहार

कागद फ्रेंचमध्ये असतात, बी मात्र फ्रेंचमध्ये विकत घेतली जात नाही. आयव्हरी कोस्टचा उत्तर भाग, बुर्किनाचा बोबो-दियुलासो आणि बानफोरा परिसर इथे बाजाराची भाषा दियुला; मालीच्या दक्षिण भागात तिच्या अगदी जवळची बांबारा. बेनिनच्या उत्तरेत पाराकूच्या बाजारात देंदी आणि बारिबा ऐकू येते. गावोगाव फिरून बी गोळा करणाऱ्या माणसाला आयव्हरी कोस्टमध्ये ‘पिस्तर’ म्हणतात. तो निर्यातदाराकडून किंवा मधल्या व्यापाऱ्याकडून उचल घेतो, त्या पैशांत शेतकऱ्याची बी घेतो, गोण्या भरतो, ट्रक लावून देतो. आपल्याकडे वाडीवाडीवर बी गोळा करणारा छोटा व्यापारी जे करतो तेच हे काम. फरक एवढा की पिस्तरच्या आणि बंदराच्या मध्ये चार-पाचशे किलोमीटर असू शकतात. पाराकू ते कोतोनू हेच अंतर चारशे किलोमीटरच्या घरात आहे.

दियुला बोलणाऱ्या व्यापाऱ्याची नाती सीमेच्या दोन्ही बाजूंना असतात, आणि ज्या बाजूला भाव बरा त्या बाजूला बी जाते. आयव्हरी कोस्टने कच्ची काजू बी जमिनीवरच्या सीमेतून नेण्यावर बंदी घातली आहे. निर्यात फक्त आबिजान आणि सान पेद्रो या बंदरांतूनच व्हायला हवी. तरी दर हंगामात बी घाना आणि बुर्किनाकडे सरकते. ‘बेनिनची बी’ म्हणून येणारा माल नेहमी बेनिनचाच असतो असंही नाही, आणि ‘टोगोची’ म्हणून येणारा माल टोगोत पिकलेला असेलच याची खात्री नसते.

हे महत्त्वाचं ठरतं ते दर्जामुळे. या धंद्यात बीचा भाव ठरतो आउटटर्नवर, म्हणजे ८० किलोच्या एका गोणीतून किती पौंड चांगला गर निघतो त्यावर. नमुन्याची एक किलो बी फोडायची, चांगला गर तोलायचा, डागी गराचं निम्मं वजन त्यात मिळवायचं, आलेल्या ग्रॅमना ०.१७६ ने गुणायचं. आला तो आउटटर्न. आउटटर्न ४८ असेल तर शंभर टन बीतून सुमारे २७.२ टन गर निघतो. तो एकाच पौंडाने घटला, तर शंभर टनांमागे ५६७ किलो गर कमी येतो. गर सरासरी किलोला ७०० रुपयांनी गेला असं धरलं, तर तो फरक चार लाखांच्या आसपास जातो. मध्यम कारखान्याचा एका लॉटवरचा नफा कधीकधी एवढाच असतो.

बेनिनच्या बीला या बाबतीत नाव होतं. आयव्हरी कोस्टच्या सरासरी बीपेक्षा तिचा आउटटर्न एक-दोन पौंडांनी वर धरला जाई, आणि म्हणून तिला भावही जास्त दिला जाई. आकाराने मात्र ती आपल्या बीच्या जवळपासही नाही. वेंगुर्ले-७ ची एक बी दहा ग्रॅमच्या घरात भरते, म्हणजे किलोला शंभर. पश्चिम आफ्रिकेची बी किलोला साधारण १८० ते २०० बसते. वेंगुर्ले-४ मधून ३१ टक्क्यांपर्यंत गर निघतो, आफ्रिकी बीतून २६-२७ टक्के. तरीही कारखानदार आफ्रिकी बी घेतो, कारण ती स्थानिक बी संपल्यावर हाताशी येते आणि मोठ्या लॉटमध्ये मिळते. आपला काजू उत्पादक शेतकरी या आयातीवर चिडतो आणि त्याचा राग रास्त आहे. २०२४ च्या हंगामात भाव पडल्यावर महाराष्ट्र सरकारला काजू बीसाठी किलोमागे दहा रुपये अनुदान जाहीर करावं लागलं.

बंदीला दोन वर्षांची पूर्वसूचना होती

बेनिनच्या मंत्रिमंडळाने हा निर्णय २०२२ मध्येच जाहीर केला होता. तारीखही तेव्हाच सांगितली होती. त्यामागचा विचार सरळ होता. देशात पिकणारी बहुतेक बी कच्चीच बाहेर जात होती. फोडणं, सोलणं, प्रतवारी, पॅकिंग हे सगळं काम आणि त्याची मजुरी कोल्लम, मंगळूर, गोवा आणि व्हिएतनाममध्ये पडत होती. कापसाच्या धंद्यातून आलेले राष्ट्राध्यक्ष पात्रिस तालों २०१६ पासून सत्तेवर होते. कोतोनूपासून ४५ किलोमीटरवर ग्लो-जिग्बे इथे १,६४० हेक्टरवर औद्योगिक वसाहत उभी राहत होती. तिच्यात काजू फोडणारे, सोयाबीनवर प्रक्रिया करणारे आणि कापसापासून कपडे शिवणारे कारखाने येणार होते. सरकारने ही वसाहत ‘अराइज’ या कंपनीबरोबर भागीदारीत उभारली. कंपनीचे संस्थापक गगन गुप्ता हे भारतीय वंशाचे.

इथे ज्याला फ्रेंचभाषक आफ्रिकेचा अलीकडचा इतिहास ठाऊक होता, त्याला पुढचं चित्र दिसायला हवं होतं. गाबोनने २०१० मध्ये लाकडाचे ओंडके निर्यात करायला बंदी केली आणि राजधानी लिब्रव्हिलजवळ एन्कोक इथे ‘ओलाम’ या कंपनीबरोबर विशेष आर्थिक क्षेत्र उभं केलं. ओंडके विकत घेणाऱ्यांपुढे दोन वाटा राहिल्या: प्रक्रिया केलेलं लाकूड विकत घ्या, नाहीतर गाबोनमध्ये येऊन कारखाना घाला. बऱ्याच भारतीय लाकूड व्यावसायिकांनी दुसरी वाट धरली. ‘अराइज’ याच अनुभवातून पुढे आली. टोगोत आदेतिकोपे आणि बेनिनमध्ये ग्लो-जिग्बे ही त्याच प्रारूपाची पुढची पानं. गाबोनचं चलन मध्य आफ्रिकेचं, पीक वेगळं, अंतर मोठं; तरी धोरणाचा साचा तोच होता. कच्च्या मालावर बंदी, आणि जोडीला प्रक्रियेची वसाहत.

म्हणून, १ एप्रिलनंतर जे निर्यातदार ‘सरकारने अडवलं, आमचा नाइलाज’ असं म्हणू शकत होते, त्यांचं म्हणणं मला पटत नाही. ओहाडाच्या व्यापारी कायद्यात, जसं बहुतेक देशांच्या कायद्यात असतं तसं, आवाक्याबाहेरच्या अडथळ्यामुळे करार मोडला तर विक्रेत्याला दायित्वातून सूट मिळू शकते. पण दोन वर्षं आधी तारखेसकट जाहीर झालेली बंदी हा अनपेक्षित अडथळा म्हणता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ज्याने ‘मार्च-एप्रिल रवानगी’ असा सौदा केला, त्याने एप्रिलची जोखीम डोळे उघडे ठेवून घेतली. तीच गोष्ट खरेदीदाराची.

कारखानदारापुढच्या वाटा

समजा, कुडाळजवळच्या एका मध्यम कारखान्याला जुलै ते डिसेंबरसाठी शंभर टन बी हवी आहे. हा कारखानदार काल्पनिक आहे, पण त्याच्यापुढचे पर्याय खरे होते. जानेवारी २०२४ मध्ये कोतोनूहून ४८ आउटटर्नच्या बीची ऑफर आली आहे, रवानगी ‘मार्च-एप्रिल’. पैसे मालाचे कागद बँकेत आल्यावर.

पहिली वाट: सौदा करायचा, पण बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, तारीख ३१ मार्चपलीकडे चालणार नाही असं लिहून घ्यायचं. यात धोका ओलाव्याचा. तारखेच्या घाईत भरलेली बी नीट वाळलेली नसते. फेब्रुवारीच्या शेवटी वेचलेली बी दोन-तीन दिवस उन्हात न टाकता गोणीत गेली, की कंटेनरमध्ये महिना-दीड महिना उबते आणि इथे उघडल्यावर बुरशीचा वास येतो. ओलावा दहा टक्क्यांच्या आत हवा, आणि तो मोजायचा तो कोतोनूत कंटेनर भरताना, स्वतःच्या तपासनिसाच्या डोळ्यांदेखत. इथे पोचल्यावर मोजलेल्या ओलाव्यावरून भांडता येतं, बी परत वाळवता येत नाही.

दुसरी वाट: उगमाची लवचीकता. ‘बेनिन किंवा आयव्हरी कोस्ट, आउटटर्नप्रमाणे भावात फरक’ असं कलम. चलन एकच आणि कायदा एकच असल्यामुळे हे कलम लिहिणं सोपं. पण निर्यातदाराकडे दोन्ही देशांत खरेदीचा परवाना आणि माणसं हवीत. आयव्हरी कोस्टची काजू परिषद दर हंगामात परवानाधारक खरेदीदार आणि निर्यातदारांना मान्यता देते. कोतोनूतल्या व्यापाऱ्याने आबिजानहून माल देतो म्हटलं, तर त्याने तिथल्या परवानाधारकाचं नाव द्यायला हवं.

तिसरी वाट: बी सोडून गरच घ्यायचा. ग्लो-जिग्बेतून सोललेला गर येऊ शकतो, मग तोच आणून पॅक करून का विकू नये? इथे आपलंच सरकार आडवं येतं. जून २०१९ पासून भारतात अख्खा गर किलोला ७२० रुपयांच्या आणि तुकडा ६८० रुपयांच्या खाली आयात करता येत नाही. हा किमान आयात दर आपल्या कारखान्यांना वाचवण्यासाठीच ठेवला आहे, आणि मला तो योग्य वाटतो.

या तिसऱ्या वाटेपाशी सगळ्या प्रकरणाची गाठ आहे. बेनिन कच्ची बी बाहेर सोडत नाही, कारण फोडण्याचं काम आपल्या लोकांना मिळावं. भारत फोडलेला गर स्वस्तात आत येऊ देत नाही, कारण फोडण्याचं काम आपल्या लोकांना मिळावं. दोन्ही सरकारं एकाच कामासाठी, एकाच प्रकारच्या बायकांच्या मजुरीसाठी भांडत आहेत. एक कोकणातली, एक बेनिनमधली. परिणाम असा की बेनिनचा गर युरोप, अमेरिका आणि आखाताच्या बाजारांकडे वळतो, आणि कोकणचा कारखानदार तिथे आपला जुना पुरवठादार नवा स्पर्धक म्हणून पाहतो.

आपण तक्रार कोणत्या तोंडाने करायची? मोझांबिकचं उदाहरण फार जुनं नाही. एकेकाळी तिथे मोठा काजू प्रक्रिया उद्योग होता. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या अटींमुळे कच्च्या बीवरचा निर्यात कर घटवला गेला, बी भारताकडे वाहू लागली, तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगारांचं काम गेलं. आपल्या कारखान्यांना त्या बीचा फायदा झाला. आफ्रिकेतल्या धोरणकर्त्यांना ही गोष्ट पाठ आहे. बेनिनच्या बंदीला नुसता ‘अडथळा’ समजणाऱ्या खरेदीदाराला पलीकडच्या माणसाचं मन कळत नाही, आणि मन न कळलेल्या माणसाशी दीर्घकाळचा व्यापार होत नाही.

शेजारी आयव्हरी कोस्ट

दुसरी वाट, म्हणजे आयव्हरी कोस्टकडे वळणं, सगळ्यात स्वाभाविक होती. हा जगातला सगळ्यात मोठा काजू उत्पादक. २०२२ मध्ये त्याचं पीक दहा लाख टनांच्या पुढे गेलं. गंमत म्हणजे तिथली काजूची झाडं १९६० नंतर लागली ती मुख्यतः उत्तरेतली उजाड जमीन धरून ठेवण्यासाठी, वनीकरण म्हणून. कोरोगो, बुआके, बोंदुकू या भागात तेव्हाची ती झाडं आणि त्यांच्या पाठोपाठ लावलेल्या बागा यांवर आज लाखो कुटुंबं जगतात.

तिथे बंदी नाही, पण नियम बेनिनइतकेच कसोशीचे आहेत, फक्त वेगळ्या प्रकारचे. सरकार दर हंगामाच्या सुरुवातीला शेताच्या बांधावरचा किमान भाव जाहीर करतं. २०१८ मध्ये तो किलोला ५०० फ्रँक होता. त्याच वर्षी जागतिक भाव कोसळले आणि जाहीर भावाने घेणारेच उरले नाहीत. २०१९ मध्ये भाव ३७५ वर आला. २०२३ मध्ये ३१५, २०२४ मध्ये २७५. बांधलेल्या दराने २७५ फ्रँक म्हणजे ४२ युरो सेंट. एवढ्या कमी भावाला जानेवारी-फेब्रुवारीत कितीतरी खरेदीदारांनी पायाभूत धरलं आणि त्यावर आपले सौदे बांधले.

आणि मग २०२४ चा हंगाम उलटला. उष्म्याने पीक घटलं, बाजारातला भाव जाहीर भावाच्या बराच वर गेला, सरकारने स्थानिक कारखान्यांना आधी बी मिळावी म्हणून निर्यातीवर लगाम ठेवला, आणि स्वस्तात सौदे करून बसलेल्या कितीतरी निर्यातदारांनी माल दिलाच नाही. व्हिएतनामच्या काजू संघटनेने याबद्दल जाहीरपणे तक्रार केली. त्या वर्षी बेनिनची बी सोडून आयव्हरी कोस्टकडे वळलेला खरेदीदार आगीतून फुफाट्यात गेला. त्याला कायदा एकच मिळाला, चलन एकच मिळालं, आणि तरी माल मिळाला नाही.

सरकारी किमान भाव हा तळ आहे, बाजारभाव नव्हे. हे वाक्य वाचायला साधं, पण ज्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये २७५ फ्रँकवर हिशोब मांडला त्यांनी तळालाच बाजार समजलं. २०२५ च्या हंगामासाठी सरकारने किमान भाव थेट ४२५ फ्रँक केला. एका वर्षात दीडपटीहून जास्त.

दरम्यान आयव्हरी कोस्टही बेनिनच्याच दिशेने चालला आहे, फक्त हळू. २०२४ मध्ये तिथल्या कारखान्यांनी तीन लाख टनांहून अधिक बी फोडली. त्याच्या चार वर्षं आधी हा आकडा याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता. बंदी न घालता, निर्यातीवर कर, कारखान्यांना सवलत आणि हंगामाच्या सुरुवातीला त्यांना खरेदीत प्राधान्य या मार्गाने त्यांनी हे साधलं. माझ्या मते कोकणच्या खरेदीदाराने जास्त लक्ष ठेवायला हवं ते याच्यावर. बंदी एका तारखेला येते आणि दिसते. प्राधान्य दर वर्षी थोडं थोडं वाढतं आणि पत्रकात लपून राहतं.

करारात काय बदलायला हवं

कायद्याची बाजू सांगून झाली, पण खरं सांगायचं तर आबिजानच्या न्यायालयात किंवा लवादासमोर जाऊन शंभर टनांची भरपाई मिळवणं मध्यम कारखानदाराला परवडत नाही. मोडलेल्या सौद्यातल्या निर्यातदाराकडे बहुतेक वेळा जप्त करण्यासारखं काही नसतं. गोदाम भाड्याचं, पैसा बँकेचा. म्हणून बचाव सौद्याच्या रचनेतच असायला हवा.

एकाच निर्यातदाराकडून एकदम शंभर टन घेण्याऐवजी पंचवीस-पंचवीस टनांचे हप्ते, प्रत्येकाचा भाव त्या त्या वेळचा. यात स्वस्ताईचा पूर्ण फायदा मिळत नाही, पण भाव चढल्यावर माल बुडवण्याचा मोहही विक्रेत्याला उरत नाही. माल बुडतो तो बहुतेकदा बांधलेला भाव आणि बाजारभाव यांत फार अंतर पडल्यावरच. आगाऊ रक्कम देऊ नये. द्यावीच लागली तर ती माल तपासनिसाच्या ताब्यातल्या गोदामात आल्यावर द्यावी. आउटटर्न ठरल्यापेक्षा एक पौंडाने घटला तर किती कापायचं आणि कोणत्या आकड्याखाली माल नाकारायचा, हे दोन्ही आकडे लिहावेत. करार इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत असेल, तर वाद झाल्यास कोणता मसुदा ग्राह्य, हे पहिल्या पानावर यावं.

आणि एक कलम सरकारी आदेशाचं. निर्यातबंदी, परवाना निलंबन किंवा स्थानिक कारखान्यांना प्राधान्य यामुळे माल अडला, तर सौदा आपोआप रद्द होईल की दुसऱ्या उगमाच्या मालाने पुरा होईल, आणि दुसऱ्या उगमाच्या भावातला फरक कोण सोसेल. सौदा करताना जो आदेश जाहीर झालेला आहे तो या कलमात मोजला जाणार नाही, हेही लिहावं. बेनिनच्या बाबतीत या एका ओळीने जानेवारी २०२४ चे पुष्कळ वाद मिटले असते.

शिवाय माहितीचा एक जास्तीचा झरा हवा. या आफ्रिकी देशांच्या मंत्रिमंडळांच्या बैठकांची निवेदनं त्याच दिवशी फ्रेंचमध्ये प्रसिद्ध होतात. आबिजानची काजू परिषद हंगामाची पत्रकं काढते. मालवण-कुडाळच्या पाच-सात कारखानदारांनी मिळून फ्रेंच येणाऱ्या एखाद्या तरुणाला जानेवारी ते जून एवढंच काम दिलं, तर तो पगार एका लॉटच्या एका पौंडात निघतो. वेंगुर्ल्याला मुख्यालय असलेल्या राज्य काजू मंडळानेही हे करायला हरकत नाही. या माहितीचा उपयोग कारखानदाराइतकाच शेतकऱ्याला आहे: आफ्रिकेतून कमी बी येणार हे फेब्रुवारीतच कळलं, तर मार्चमध्ये पहिल्या बीचा भाव सांगताना तो ठाम राहू शकतो.

पुढच्या हंगामांसाठी नजर ठेवायची ती तीन ठिकाणी. माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ रोजी इकोवास या मोठ्या प्रादेशिक संघटनेतून बाहेर पडले, पण सेफा चलनात राहिले. बुर्किनाची बी कोणत्या बंदरातून आणि कोणत्या कागदांवर निघेल, हे त्यावर अवलंबून राहील. टोगोची आदेतिकोपे वसाहत बेनिनच्या ग्लो-जिग्बेच्याच वळणाची आहे, आणि लोमे सरकार कच्च्या बीबद्दल काय ठरवतं ते दर जानेवारीला तपासायला हवं. तिसरं ठिकाण आबिजान: तिथे निर्यातीसाठी दरवाजा किती आठवडे उशिरा उघडतो, त्यावर ऑगस्टमध्ये न्हावा-शेव्याला आणि मंगळूरला किती कंटेनर लागतील हे ठरेल.